बिनकाट्यांचे गुलाब

त्या रविवारी सगळं सुरळीत पार पडलं असतं, तर माझ्या वहिनीला एक खुर्ची मिळणार होती. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ती खुर्ची फुलांच्या दुकानाच्या दर्शनी खिडकीजवळची होती, तिच्यावर सकाळभर ऊन यायचं, आणि वहिनी गेली कित्येक वर्षं त्याच दुकानाच्या मागच्या कोल्ड रूममध्ये उभी राहून काम करत होती. कोल्ड रूममध्ये फुलं टवटवीत राहतात, माणसं नाही. तिच्या बोटांची पेरं सुजली होती. संध्याकाळी घरी आल्यावर साध्या डब्याचं झाकण तिला उघडत नसे. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की औषधं देतो, पण खरं औषध म्हणजे जागा बदलणं. तर मिळकतीच्या बाजूला एक खुर्ची, थोडं ऊन आणि दोन धडधाकट हात. खर्चाच्या बाजूला मला त्या सकाळी तरी काही दिसत नव्हतं. बघायला येणाऱ्या दुकानाच्या मालकीणबाईंसाठी जास्तीचा कपभर चहा, बस.

मी वहिनीच्या घरी पोचले तेव्हा ती ओलं फडकं घेऊन झाडांची पानं पुसत होती, एकेक, पुढून आणि मागून.

"लहानपणी तुझ्या नवऱ्याचं तोंडसुद्धा कुणी एवढं पुसलं नव्हतं," मी म्हटलं.

"म्हणून तर ते तसं राहिलं," ती म्हणाली आणि पुढच्या पानाला लागली.

ज्याच्या तोंडाबद्दल हे चाललं होतं तो माझा धाकटा भाऊ घरी नव्हता. तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, महिन्यातले बरेचसे दिवस रस्त्यावर असतो. घरात असतात वहिनी आणि आमचे बाबा.

ऋतू बदलला की सगळ्यांनी जमायचं, ही पद्धत वहिनीनं आमच्या घरात आणली. कॅलेंडर बघून नाही. हिवाळाभर ऊन बाहेर कठड्यावरच अडलेलं असतं. एक दिवस ते आत येऊन शिवणाच्या मशीनच्या पायाला टेकतं. टेकलं, की थंडी सरली आणि पुढचा रविवार आमचा. तसाच ऊन तापल्याचा एक, पावसानं उसंत घेतल्याचा एक, पानगळीचा एक. मालकीणबाईंना महिनाभर आधी तारीख हवी होती. वहिनीनं त्यांना नम्रपणे सांगितलं होतं की मशीनला विचारून कळवते.

त्या दिवशी विकतची सजावट चालत नाही, आणि कापलेलं तर काहीच चालत नाही. पानं हवीत तर झाडाखाली पडलेली उचलून आणा. जुन्या वर्तमानपत्राचे पेले वळायचे, त्यात माती भरून बी पेरायचं. रोप मोठं झालं की पेल्यासकट जमिनीत. पाखरांची बशी घासून भरायची आणि तिच्यात खडे टाकायचे, म्हणजे पाणी प्यायला आलेल्या मधमाशा बुडत नाहीत. दादाची आणि माझी पोरं गळलेली पानं रंगात बुडवून जुन्या चादरीवर त्यांचे ठसे उठवतात, आणि तीच चादर टेबलावर पसरते. दिवसभर लोकांच्या समारंभांसाठी कात्री चालवणारी बाई घरात पाकळी तोडू देत नाही, याची मी पुष्कळ टिंगल केलेली आहे. ती म्हणते, खाटकालाही घरी भाजीच गोड लागत असेल, ताई.

आणि कुंड्या. दर ऋतूला वहिनी प्रत्येकाला एक कुंडी नेमून देते. ती आपापल्या जागी ठेवायची, जगवायची, आणि पुढच्या जमण्याला परत आणून टेबलावर सगळ्यांच्या शेजारी मांडायची. नियम एकच, पण कडक: मधल्या काळात दुसऱ्याच्या कुंडीत डोकावायचं नाही आणि विचारायचंही नाही. वहिनीचं म्हणणं, सतत चौकशी केली की माणूस झाडासाठी नाही, आपल्या अब्रूसाठी पाणी घालायला लागतो. माझ्याकडे पुदिना होता. त्यातला अर्धा आमच्या ह्यांच्या चहात गेला. थोरला भाऊ, म्हणजे दादा, याच्याकडे कोरफड होती, कारण कोरफडीला काही लागत नाही आणि दादाला वेळ नसतो. बाबांकडे गुलाब होता. तो गच्चीवर राहायचा आणि गच्ची बाबांच्या ताब्यात होती. वहिनी एकाच घरात राहत असूनही गच्चीवर कपडे वाळत घालताना कुंडीकडे पाठ करून उभी राहायची. मी पाहिलंय.

बाबा पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्हमन होते. अख्खी नोकरी त्यांनी रस्त्यातली झाकणं उचलून लांब चावीनं पाणी सोडलं आणि बंद केलं. कुठल्या गल्लीला कधी आणि किती वेळ, हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं. त्यांच्या पाण्यावर लोक घड्याळ लावत. असा माणूस म्हातारपणी एका दुपारी स्वयंपाकघरातला नळ सोडून झोपला. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या छताला ओल आली. त्याआधी एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि बाबा शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसले होते.

दादा वाईट माणूस नाही. विम्याच्या कचेरीत बसून दिवसभर आगी, अपघात आणि पडझड वाचतो, त्यामुळे त्याला सगळीकडे तेच दिसतं. बाबा दिवसभर एकटे असतात या विचारानं दुपारी त्याचं कामात लक्ष लागत नाही. ओल पाहून गेल्यावर त्यानं आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं, "आता आणखी एक असं काही झालं, तर मी बाबांना वृद्धाश्रमात ठेवणार. चांगला बघून ठेवलाय. मग कुणी माझ्या नावानं बोटं मोडू नका." बाबा तिथेच होते.  त्या दिवसापासून नळ बंद करून झाल्यावर परत जाऊन तो बंद आहे का ते बघायचे, आणि परत आल्यावर पुन्हा.

मालकीणबाई दुकानाला शोभेल अशा होत्या: नीटनेटक्या, तरतरीत, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या कानावर वहिनीच्या या रविवारांची गोष्ट गेली होती आणि त्यांच्यातला धंदेवाईक माणूस जागा झाला होता. अलीकडे लोक विचारत होते की चार दिवसांत टाकून द्यायची फुलं कशाला, घरात काही जिवंत करता येईल का. दुकानाच्या खिडकीत दर शनिवारी एक वर्ग घ्यायचा, लोकांना मातीत हात घालायला लावायचे, ऋतू घरच्या घरी कसा साजरा करायचा ते दाखवायचं, असं त्यांच्या मनात होतं. बाकीचे दिवस त्याच खुर्चीवर बसून कुंड्यांचं काम. वहिनीचं नाव जवळजवळ पक्कं होतं. एकदा डोळ्यांनी बघते, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. आणि आणखी एक गोष्ट म्हणाल्या होत्या, ती वहिनीनं मला अभिमानानं सांगितली होती: लोक मला कापलेली फुलं विकणारी म्हणून ओळखतात, मी जिवंत झाडांची गोष्ट करायला लागले तर आधी हसतीलच, तेव्हा त्या खुर्चीवर जी बसेल तिच्या शब्दाला कुठे तडा नको.

ठरल्या वेळी सगळे आले. दादा कोरफड घेऊन आला, ती नेहमीसारखीच हिरवीगार. मी उरलेला पुदिना पुढे केला, वहिनीनं तो बघून "थंडीत चहा जास्त झाला वाटतं" एवढंच म्हटलं. मालकीणबाई टेबलाभोवती सावकाश फिरल्या. कागदाचे पेले हातात घेऊन त्यांची घडी कशी घातलीय ते पाहिलं. बशीतले खडे कशासाठी ते विचारलं आणि उत्तर ऐकून मान डोलावली. चादरीवरचा पानाचा एक ठसा त्यांना इतका आवडला की त्यांनी तो कुठल्या पोराचा ते विचारून त्याला शाबासकी दिली. मी वहिनीकडे बघत होते. तिचे कान लाल झाले होते, आणि ते थंडीनं नव्हे, ही गोष्टच तिच्या बाबतीत नवी होती.

मग बाबा आले. इस्त्रीचा शर्ट घालून, कुंडी दोन्ही हातांत धरून, गच्चीचा जिना उतरून किंचित धापा टाकत. कुंडीत गुलाब फुलला होता. लांब दांड्यांवर टपोरी लाल फुलं, एक अर्धवट उमललेलं. त्यांनी ती टेबलाच्या बरोबर मध्ये ठेवली आणि मागे सरकून उभे राहिले. सगळ्यांच्या तोंडून कौतुक बाहेर पडलं. दादासुद्धा म्हणाला, वा बाबा. वहिनी त्या वेळी चहा ओतत होती. तिचा हात थांबला नाही. कप भरला, बशी भरली, आणि चहा चादरीवरच्या पानांत शिरला, तेव्हा मी तिच्या हातातून किटली घेतली.

मालकीणबाई वास घ्यायला वाकल्या. फुलांच्या धंद्यात मुरलेल्या माणसाचा एक हात आपोआप दांडीवर जातोच. त्यांची बोटं वरून खाली मातीपर्यंत गेली आणि पुन्हा वर आली.

"याचे काटे कुठे गेले?" त्या म्हणाल्या.

 दुसऱ्या दांडीवरून त्यांनी हात फिरवला, मग तिसऱ्या. सगळ्या गुळगुळीत. दुकानात विकायला ठेवण्याआधी गुलाबाचे काटे काढतात, म्हणजे गिऱ्हाइकाला टोचत नाहीत. हे मला वहिनीच्या बोटांवरच्या ओरखड्यांमुळे माहीत होतं. दादाला हे माहीत असायचं कारण नव्हतं, पण गप्प बसलेल्या खोलीचा अर्थ त्याला लगेच कळतो. त्यानं कुंडीकडे पाहिलं. मग बाबांकडे. बाबांचा हात शर्टाच्या वरच्या बटणाशी गेला होता आणि ते बटण ते लावत होते, काढत होते.

"बाबा?" दादा म्हणाला.

"मी खोचलेत ते," वहिनी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती मालकीणबाईंशीच बोलत होती, सरळ त्यांच्याकडे बघत. "रोप थंडीतच मेलं. माझ्याकडून पाणी जास्त झालं. तुम्ही येणार म्हणून आपल्याच दुकानातून फुलं विकत आणली आणि मातीत खोचली. बाबांना म्हटलं, तुम्ही घेऊन या, तुमच्या हातात शोभेल."

"सूनबाई," बाबा म्हणाले.

"बाबा, पाखरांची बशी रिकामी झालीय. जरा भरून आणता का?"

बशी काठोकाठ भरलेली होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि ती भरलेली बशी उचलून, पाणी सांडत, आत गेले.

मालकीणबाईंनी दांडीवरचा हात काढून घेतला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं. "मेलेलं रोप दाखवलं असतंस तरी मला चाललं असतं," त्या म्हणाल्या.

"हो," वहिनी म्हणाली. "चुकलं माझं."

मग त्या बसल्या, शांतपणे चहा प्यायल्या, पोरांच्या ठशांबद्दल आणखी एकदा चांगलं बोलल्या आणि उठल्या. दाराशी वहिनीला एवढंच म्हणाल्या की कोल्ड रूमला तुझ्यासारखा हात नाही, आणि तिथलं तुझं काम आहेच. त्या वाक्याचा अर्थ लावायला कुणाची मदत लागणार नव्हती.

त्या गेल्यावर दादानं वहिनीला धारेवर धरलं. बाबांच्या नावावर दिलेलं झाड मधे पडून मारायचं, वर पाहुण्यांसमोर असले उद्योग करायचे, आणि म्हाताऱ्या माणसाला त्यात ओढायचं. बाबांच्याच हाताखाली राहू दिलं असतंस तर जगलं असतं ते, असं तो म्हणाला. पाणी कुठे किती सोडायचं हे त्यांना नाही कळणार तर कुणाला. वहिनी खाली मान घालून ऐकत होती. बाबांच्या शहाणपणाचा दाखला, आणि तोही दादाच्या तोंडून. तिला हवं होतं तेच तिच्या पदरात पडत होतं, शिव्यांत गुंडाळून.

दादा गेला. आम्ही दोघी कपबशा विसळत होतो, तेव्हा बाबा स्वयंपाकघरात आले आणि त्यांनी सगळं सांगितलं. थंडीत गुलाबाची पानं पिवळी पडायला लागली. त्यांना वाटलं, तहानलंय. पाणी घातलं. घातलं हे विसरले आणि पुन्हा घातलं. खोड खालून काळं पडलं तेव्हा त्यांनी झाड उपटून टाकीमागे लपवलं आणि रोज रिकाम्या मातीला पाणी घालायला गच्चीवर जात राहिले, कारण गेले नसते तर सुनेला कळलं असतं. दादाचं बोलणं त्यांच्या डोक्यात होतं: आणखी एक असं काही. त्या सकाळी ते फिरायला जातो म्हणून निघाले आणि तडक दुकानात गेले. काउंटरवरची मुलगी त्यांना ओळखत नव्हती. तिला म्हणाले, घरच्या झाडाला लागल्यासारखे दिसतील असे दे.

"मी उद्या जाऊन तुमच्या बाईंना सांगतो," बाबा म्हणाले. "माझं काम होतं हे."

"त्यांना सांगाल, तर ते दादांपर्यंत पोचेल," वहिनी म्हणाली. "राहू द्या." मग कप पालथा घालत म्हणाली, "काटे मीच काढलेत, बाबा. शनिवारी. माझं काम जरा गबाळं असतं ना, तर निभावलं असतं आपलं."

बाबा हसले नाहीत. ती हसली, म्हणून मग थोडे हसले.

ते बाहेर गेल्यावर मी तिला विचारलं की हे परवडलं का तुला. मी अशीच आहे; कुणी काही दिलं की त्याच्या बदल्यात काय आलं ते मला लागतंच. तिनं हात पुसले. गार पाण्यानं बोटं आखडली होती, ती एकेक करून सरळ केली.

"ताई, कोल्ड रूममधून मी रोज संध्याकाळी बाहेर येते," ती म्हणाली. "बाबा तिकडे गेले तर कुठल्या संध्याकाळी परत येतील?"

मी फडकं घेऊन कपबशा पुसायला लागले.

खिडकीजवळची खुर्ची काउंटरवरच्या मुलीला मिळाली. मुलगी चटपटीत होती, बोलकी होती, पण तिला बी आणि कोंब यांतला फरक शिकवायची वेळ होती. शिकवलं कुणी? जेवणाच्या सुट्टीत मागच्या दाराशी, पालथ्या बादलीवर बसून, वहिनीनं. कागदाचा पेला कसा वळायचा, बी किती खोल, कुठलं पान उचलायचं आणि कुठलं मातीत राहू द्यायचं. एखादी गोष्ट हातची राखून ठेवली असती तर मी तिला दोष दिला नसता. मी तर राखलीच असती, आणि वर तोंड भरून शुभेच्छा दिल्या असत्या. वहिनीनं खड्यांचीसुद्धा युक्ती सांगून टाकली. एका शनिवारी मी मुद्दाम त्या दुकानावरून गेले. काचेपलीकडे बायका-माणसं मातीत हात घालून बसली होती आणि ती मुलगी त्यांना आमच्या घरची वाक्यं ऐकवत होती. सतत चौकशी केली की माणूस आपल्या अब्रूसाठी पाणी घालायला लागतो, हे ऐकून एक चष्मेवाले गृहस्थ ते लिहून घेत होते. मी आत गेले नाही. गेले असते तर काहीतरी बोलले असते.

मग ऊन तापलं. ते मशीनच्या पायावरून सरकून पार भिंतीवर चढलं आणि रविवार ठरला. मालकीणबाईंचा प्रश्न नव्हता, घरचेच सगळे. दादा आला, हातात कोरफड. मी काय आणलं होतं ते सोडा. बाबांना वहिनीनं थंडी सरल्यानंतर नवी कुंडी दिली नव्हती. त्यांनी मागितली नाही, म्हणाली. त्यामुळे बाबा हातात काहीतरी घेऊन गच्चीवरून उतरताना दिसले तेव्हा आम्ही सगळे बघत राहिलो.

ते गुलाबाचं खोड होतं. काळं, वाळलेलं, मुळांना सुकलेली माती चिकटलेली. पण काटे सगळे जागच्या जागी. बाबांनी ते टेबलावर, धुतलेल्या चादरीवर ठेवलं आणि दादाकडे वळले.

"हे माझ्या हातून मेलं," ते म्हणाले. "पाणी घातलेलं विसरलो, परत परत घातलं. ती फुलं मी खोचली होती. सूनबाईनं आपल्या अंगावर घेतलं, कारण तू होतास तिथे. आता तुला काय ठरवायचं ते ठरव. पण तिला बोलला होतास, ते तेवढं मागे घे."

वहिनीच्या हातात बियांची वाटी होती. ती तिनं खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. दादानं ते खोड उलटंपालटं करून पाहिलं. विम्याच्या कचेरीतल्या माणसासमोर पुरावा येऊन पडला होता, आणि तोही ज्याचा त्यानं आणून दिलेला. मला वाटलं, झालं. आता तो त्या चांगल्या बघून ठेवलेल्या जागेचं नाव काढणार.

त्यानं आपली कोरफड पुढे ओढली. "ही तिसरी आहे," तो म्हणाला.

आम्हाला कळेना.

"पहिली मेली. दुसरी आणली, ती पण मेली. ही परवा आणली, कचेरीतून येता येता." तो कुणाकडेच बघत नव्हता. "मला वाटलं, तुम्हाला कळलं तर हसाल."

"कोरफड मरते कशी पण?" मी विचारलं. मला राहवलंच नाही.

"मला काय माहीत," दादा चिडून म्हणाला. "मी काहीच केलं नाही."

बाबा आधी हसले. मग पोरं. मग खुद्द दादा, लाल होऊन. वहिनीनं गुलाबाचं खोड उचललं, टेबलाच्या मध्ये, बरोबर जिथे ती फुलं होती तिथे ठेवलं आणि म्हणाली की यापुढे गेलेल्यांनाही जागा टेबलावरच. मेलेलं झाड लपवायचं नाही आणि त्याच्या जागी दुसरं आणायचं नाही. तेव्हापासून हा आमचा दुसरा नियम आहे. दादानं वहिनीला जे बोलला होता ते मागे घेतलं. नेमक्या शब्दांत नाही, पण पेल्यांचे कागद वळायला तो तिच्या शेजारी जाऊन बसला आणि सगळे वाकडे वळले, हे मी त्याच्या खात्यावर जमा धरलं. वृद्धाश्रमाचा विषय निघाला नाही. त्याऐवजी दादा दुपारी कचेरीतून फोन करतो, नळ बंद आहे का विचारतो, आणि बाबा उठून बघून येतात आणि बंद आहे म्हणून सांगतात.

त्या संध्याकाळी बाबांनी पुन्हा विषय काढला. आता दादाला कळलंच आहे, तर मालकीणबाईंनाही जाऊन सांगू दे. मीही त्यांच्या बाजूनं बोलले.  वहिनीला मोह नव्हता असं मी म्हणणार नाही, तिनं एकदा आपल्या हातांकडे पाहिलं होतं. मग म्हणाली की ती मुलगी आता बरी शिकवायला लागलीय. तिच्या घरी तिची एकटीचीच मिळकत आहे. तिला आता उठवून मी कुठे बसू, ताई? तिनं काय केलंय?

तर हिशेब असा पडला. मालकीणबाईंच्या दुकानाला शनिवारची गर्दी मिळाली. त्या मुलीला खुर्ची मिळाली आणि खुर्चीवरचं ऊन. दादाची दुपारची काळजी थोडी कमी झाली. मला एक गोष्ट मिळाली, ती मी सांगितली. बाबा घरी राहिले. या सगळ्याची भरपाई वहिनी करते, रोज सकाळी जाऊन, कोल्ड रूमच्या दारातून आत शिरून, बोटांनी.

ही भरपाई ती एकटीच करते, असं मी आधी म्हणत होते. पण एका दुपारी सहज गेले तेव्हा बाबा दाराशी खुर्ची घेऊन बसलेले दिसले. बाबा आणि दुपारची झोप यांच्यात आजवर कुणी आलं नव्हतं, आईसुद्धा. जेवण झालं की ते आता तिथेच बसतात. वहिनी यायची ती संध्याकाळी, पण संध्याकाळ आपल्या लक्षात राहील याचा त्यांना भरवसा वाटत नाही, म्हणून ते दुपारपासूनच बसतात. त्या वेळी तिच्या बोटांना किल्ली फिरवता येत नाही, हे त्यांनी कधीतरी पाहिलं असणार. मी संध्याकाळपर्यंत बसले त्यांच्याजवळ. पेंगत होते, सावरत होते. जिन्यात पाऊल वाजलं तसे उठले आणि तिनं पिशवीत हात घालायच्या आत कडी काढली.

"आज लवकर आलीस," बाबा म्हणाले.

"हो," वहिनी म्हणाली. रोजच्याच वेळेला आली होती.